ओळीखालचं बोट

टॅबच्या काचेवर बोटाचा तेलकट ओघळ दिसला, की बेळ्ळंदूरच्या घरातली ती रविवारची सकाळ आठवते. खिडकीतून तळ्याचा उग्र वास येत होता आणि बाबा टॅबवर मी बनवलेलं पान वाचत बसले होते. इंटरनेटवरचे लांबलचक लेख पुस्तकासारखे निवांत वाचता येतील अशी पानं बनवणं, हे माझं ऑफिसातलं काम. म्हणून आखूड ओळी, टपोरी अक्षरं, कागदाचा पिवळसर रंग, सगळं मी आधी बाबांनाच दाखवायचे. मध्येच ते म्हणाले, "अगं, ओळ पळतेय. धरायला गेलं की वर जातेय." आदल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हाही ते आधी असंच म्हणाले होते, पेपरातली अक्षरं हलतायत म्हणून. "बाबा, हसून दाखवा! दोन्ही हात वर करा!" मी ओरडले. ते हसले, पण भीतीनं त्यांचे ओठ थरथरत होते आणि ते बघून मी आणखीच घाबरले. माझा आवाज ऐकून शेजारच्या कानडी अक्का गाडीची किल्ली घेऊनच धावत आल्या. "स्वल्प धीर धर, मी गाडी काढते." तेवढ्यात बाबांनी मला दाखवायला म्हणून पुन्हा ओळीखाली बोट धरलं, जन्मभर पुस्तक वाचताना धरत आले तसं, आणि बोटाबरोबर अख्खं पान वर सरकलं. झटका वगैरे काही नव्हता; बोट लागलं की सरकणारं पान मीच बनवलं होतं. आता माझ्या पानांवर बोट फिरवलं तरी ओळ जागची हलत नाही. तरीही प्रत्येक नव्या पानावर मी आधी स्वतःचं बोट टेकवते, आणि ओळ थांबलेली दिसेपर्यंत श्वास घेत नाही.