रद्दीत टाकलेला कागद

आमच्या घरी एक नियम होता. ज्या कागदावर कंपनीची जाहिरात असेल तो वाचायचा नाही, थेट रद्दीत टाकायचा. बाबांनी हा नियम केला तेव्हा मी शाळेत होते आणि सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर त्यांच्यासोबत कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे. आता मी स्वतःच पत्रकं लिहिते.

अल्सरेटिव्ह कोलायटिसनं पोखरलेलं माझं मोठं आतडं मार्चमध्ये काढलं. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून त्यावर पिशवी लावली. सर्जन म्हणाले, "काही महिन्यांनी आतडं पुन्हा आतून जोडू. तोवर किडन्या जपायच्या." घरी सोडताना सिस्टरनं एक घडीचा रंगीत कागद दिला. मागे पिशव्या बनवणाऱ्या कंपनीचं भलंमोठं नाव. सिस्टर तोंडानंही बरंच सांगत होती. मी त्या नावाकडे बघत मनातल्या मनात भांडत होते. घरी आल्याआल्या कागद रद्दीत टाकला.

किडन्या जपायच्या म्हणजे पाणी प्यायचं. ते मला कोण शिकवणार? गेल्या उन्हाळ्यातल्या पत्रकात मीच लिहिलं होतं: 'पाणी भरपूर प्या, मीठ बेतानं खा, बाटलीतली महाग सरबतं नाकारा!' तेच पाळलं. पिशवी पाण्यासारख्या पातळ मळानं भरायची. मी ती रिकामी करून तांब्याभर पाणी प्यायचे की पुन्हा भरायची. ती कडेनं गळून भोवतालची कातडी सोलवटली. पोटऱ्यांत गोळे यायला लागले.

आई मखमलाबादकडची, भाजीपाला लावणाऱ्या घरातली. ती म्हणाली, "रोपानं मान टाकली म्हणून पाणी ओतत सुटायचं नसतं गं. पाणी जास्त झालं तरी मान टाकतं ते."

"आई, मी कोबी नाहीये."

"कोबी निदान उलटं बोलत नाही."

बाबा हसले आणि तांब्या भरून आणला.

त्यानंतरचे दोन दिवस मला नीट सांगता येत नाहीत. एका पत्रकाचं प्रूफ हातात होतं आणि मी एकच ओळ वाचत होते, हे आठवतं. आईला विचारलं, "आपली बस कधी सुटणार?" आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. कुणी उत्तर देईना म्हणून मला भयंकर राग आला. तो राग माझ्या आठवणीतला की आईनं नंतर सांगितला म्हणून आठवतो, तेही ठरवता येत नाही.

दवाखान्यात सलाइन लावलं. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच, फार खाली गेलं होतं आणि लघवी जवळजवळ थांबली होती. डॉक्टर बाबांना म्हणाले, "उद्यापर्यंत लघवी वाढली नाही तर डायलिसिसचा विचार करावा लागेल. जोडायच्या ऑपरेशनचं मग लांबच."

कागद देणारी सिस्टर चिडली होती. "नुसतं पाणी प्यायलात? मोठं आतडं नाही, मग मीठ शोषून कोण घेणार? वरून साधं पाणी ओतलं की असलेलं मीठही वाहून जातं. मीठ-साखरेचं पाणी मापानं प्यायला सांगितलं होतं. कागदावरही होतं."

"तो कंपनीचा कागद होता," बाबा म्हणाले.

"मग?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी सलाइनच्या थेंबांकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी लघवी वाढली. किडन्या वाचल्या. घरी आल्यावर आईनं फडताळातून तेलाची बरणी उचलली. खाली तोच कागद अंथरला होता. रद्दीतून तिनंच काढला होता; जाड आहे, तेल खाली उतरत नाही म्हणून. तेलाच्या डागातून वाचता येत होतं: साधं पाणी बेतानं. त्याच्याच खाली मीठ-साखरेच्या पाण्यासाठी कंपनीची महाग पावडर घ्या, असंही होतं. वरचं खरं होतं. खालच्याचा राग अजून येत होता. एकाच कागदाचं आता करायचं काय?

यंदाच्या उन्हाळ्यासाठी माझं जुनं पत्रक पुन्हा छापून आलं होतं. बाबांनी गठ्ठा सोडला. "वाटायचं ना?"

मी पेन घेतलं. 'पाणी भरपूर प्या'शेजारी लिहिलं, 'पोटावर पिशवी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.' मग थांबले. आणि हृदयाचा आजार असलेल्यांनी? किडनीवाल्यांनी? आणखी कोण कोण असेल, मला माहीत नव्हतं. समासातली जागा संपली होती. बाबांनी गठ्ठ्यातलं दुसरं पत्रक दुरुस्तीसाठी माझ्यापुढे सरकवलं.