दादांनी जोडलेली गाडी

“कोणीतरी बसून विचार केला आहे बाप्पा,” असं म्हणायचं आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचे, ही दादांची दाद देण्याची पद्धत होती. हात खिशात कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “बाहेर राहिले की खोलायला लागतात.”

खोलणं हा त्यांचा पेशाच होता. डेट्रॉइटजवळ नोव्हायला आमची कंपनी होती आणि तिच्या मागच्या अंगाला एक लांबलचक शेड होती. दुसऱ्या कंपन्यांच्या नव्याकोऱ्या गाड्या तिथे आणायच्या, शेवटच्या स्क्रूपर्यंत सुट्या करायच्या, एकेक भाग तपासायचा आणि आपल्या इंजिनिअरांना दाखवायचा: बघा, ते लोक कसं करतात. सुट्या करणारे दादा आणि भागांची वजनं करून कॉम्प्युटरात भरणारी मी. दादा नागपूरचे, पंचेचाळिशीचे. मी पुण्याची, पंचविशीतली आणि आपल्याला सगळं कळतं अशा ठाम समजुतीची. ते मला ‘पुणेकर’ म्हणूनच हाक मारत. शेडमधले अमेरिकन लोकही त्यांना दादा म्हणायचे, कारण तेच त्यांचं नाव आहे असं त्यांना वाटायचं.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याचे हात बघताना आपण आपलं काम विसरतो. दादा बोल्ट काढत, पण डब्यात टाकत नसत. भाग सुटा झाला की बोल्ट परत त्याच्याच भोकात ठेवून बोटांनी दोन आटे फिरवायचे. आता ही गाडी भंगारात जाणार, तरीसुद्धा! मला बोल्टांची वजनं वेगळी करायची असत, त्यामुळे प्रत्येक भागापाशी पुन्हा ते काढत आणि तोलून परत भोकात लावत बसावं लागे. मी वैतागायचे.

“दादा, कोण जोडणारे ही गाडी आता?”

“कोणीच नाही.”

“मग?”

“मग काय? त्याची जागा आहे नं ती.”

मी पुन्हा वजनकाटा शून्यावर आणायचे.

दोन हजार सात साल संपत आलं होतं. पेट्रोल महागलं तशी मोठ्या साहेबांना लहान गाड्यांची आठवण झाली, आणि एक दिवस कंटेनरमधून एक जपानी गाडी उतरली. जपानात या बुटक्या गाड्यांचा एक वेगळा वर्गच आहे. लांबी, रुंदी, इंजिन, सगळ्याला सरकारने मर्यादा घालून दिलेली. इंजिन सहाशे साठ सीसीचं, म्हणजे आपल्याकडच्या आठशे सीसीवाल्या गाडीपेक्षाही लहान. शहरातल्या अरुंद गल्ल्यांतून भाजी आणायला, पोरांना शाळेत सोडायला केलेली गाडी. त्यातही आमच्याकडे आली ती सगळ्यांत साधी. काचा हाताने फिरवायच्या, आणि डाव्या दाराला किल्लीचं भोकसुद्धा नाही.

आमचे साहेब साडेसहा फुटी, स्वभावाने भले. गाडीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, “सो क्यूट!” आणि निघून गेले.

“क्यूट म्हणे,” दादा पुटपुटले. “मांजर आहे का?”

मग किल्ली घेऊन ते ऐटीत डाव्या दाराशी गेले आणि वाकून भोक शोधू लागले. सोळा वर्षं अमेरिकेत काढलेला माणूस! मी उजव्या दाराशी, जिकडे स्टिअरिंग होतं तिकडे, हसत उभी होते. वर बघून त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे बाप्पा! आपल्याकडची बाजू आहे ही. मी विसरूनच गेलो होतो.”

पुढचे दोन महिने शेडमध्ये ‘पुणेकर, इकडे ये’ एवढंच ऐकू येत होतं. इकडे ये, हा एकच पत्रा पाहा, तीन कामं करून राहिला. इकडे ये, ही वायर पाहा, वीतभर जास्त नाही. मागच्या सीटवर बसणाऱ्याला पाय पसरायला जागा निघावी म्हणून कोणीतरी पेट्रोलची टाकी चपटी करून पुढच्या सीटखाली ढकलली होती. अर्धीअधिक गाडी दहा आणि बारा नंबरच्या दोन पान्यांनीच खुलली. दर वेळी दादांचे हात खिशात जायचे. माझीही गत काही वेगळी नव्हती. तोवर मी हजारो भाग तोलले होते, पण आकडा इतका कमी की काट्याचीच शंका यावी, असं कधी झालं नव्हतं. सीटची चौकट मी एका हाताने उचलली आणि तशीच धरून उभी राहिले. कोण असतील ही माणसं, ज्यांनी सर्वांत साध्या गाडीसाठी, ज्यांना कुणी विचारत नाही अशा गिऱ्हाइकांसाठी, इतका जीव ओतला? मला खरोखर नतमस्तक व्हावंसं वाटलं.

शेवटचा भाग निघाला त्या दिवशी गाडी जमिनीवर पसरून ठेवलेली होती. दादा भागांच्या कडेने टोकापर्यंत चालत गेले.

“माझा बाप एसटीच्या वर्कशॉपात फिटर होता,” ते म्हणाले. “जोडलेली गाडी संध्याकाळी गेटातून निघाली की आम्हाला दाखवायचा, ही माझी. आता पंच्याहत्तरचा आहे. रविवारी फोन केला की जय भीम झाल्यावर पहिलं विचारते, बेटा, कोणती गाडी जोडली? काय सांगू? इतकी वर्षं खोलूनच राहिलो मी. एकही जोडली नाही.”

मी काहीतरी समजूत घालायला गेले, पण त्यांचं ठरलं होतं. “ही जोडतो. सुरू करतो. मग नेऊ दे त्यांना.”

नेऊ दे, कारण गाडी फक्त अभ्यासासाठी म्हणून देशात आली होती. रस्त्यावर आणायची नाही आणि काम झालं की चिरडून टाकायची, अशी कागदोपत्री अट होती. भंगाराचा ट्रक सहा आठवड्यांनी येणार होता. दादा साहेबांकडे गेले. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा दादा म्हणाले, “आय वाँट टु सी इट गो.” साहेबांनी शनिवारची परवानगी दिली. मी न विचारताच सामील झाले.

ते बोल्ट भोकात ठेवण्याचं वेड तेव्हा कामी आलं. कुठला कुठे, हे शोधावंच लागत नव्हतं. मी माझी वजनांची यादी उलटी वाचायचे आणि दादा हात पुढे करायचे. दादांची बायको, म्हणजे आमच्या काकू, डब्यात तर्री-पोहे द्यायच्या, ते आम्ही बाहेरचा बर्फ बघत खायचो. चार शनिवारांत गाडीला आकार आला. मग दादांनी पेट्रोलची टाकी समोर ओढली आणि म्हणाले, “पंप दे.”

मी यादी खाली ठेवली. आमच्याकडे एक पद्धत होती. वजन झालं की बघण्यासारखे भाग करवतीने उभे चिरायचे आणि आतली रचना दिसेल असे फळ्यावर लावायचे. काय चिरायचं त्याची यादी मी करायचे. या गाडीचा तेवढा एकच भाग चिरला होता: टाकीत बसणारा तो इवलासा पंप, आणि तो मीच मोठ्या हौसेने चिरायला पाठवला होता. भिंतीवर तो दोन तुकड्यांत लटकत होता आणि खाली मी छापलेली सुबक पट्टी होती.

दादा फळ्यापाशी गेले. “छान चिरला आहे,” एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“दादा, सॉरी. मला खरंच सुचलं नाही.”

“तुझी काय चूक? आपलं कामच ते आहे.” त्यांनी टाकी बाजूला ठेवली आणि त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

जपानहून नवा पंप यायच्या आत ट्रक आला असता. दुसरा दिवस मी घरी माझ्या सगळ्या जुन्या याद्या उपसण्यात घालवला. पंपाचा दाब, जाडी, लांबी. संध्याकाळी एक जमण्यासारखा पंप सापडला. मागच्या वर्षी खोललेल्या एका गाडीचा, आमच्याच मांडणीवर पडलेला, चिरायचा राहून गेलेला. फक्त अंगाने थोडा बारीक. सोमवारी तो दादांच्या हातात ठेवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि लेथवर त्याच्यासाठी एक कडं कातायला घेतलं.

ट्रक यायच्या आदल्या दुपारी सगळी शेड गाडीभोवती जमली. दादा आत बसले. पहिल्या किल्लीला नुसती घरघर. दुसऱ्या वेळीही तेच. कुणीतरी घसा खाकरला. दादा मान न वळवता म्हणाले, “चढू दे, पेट्रोल चढू दे.” तिसऱ्या वेळी इंजिन एकदा अडखळलं आणि चालू झालं. तीन सिलिंडरांचा तो बारीक, एकसारखा आवाज! दादा उतरेनात. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून रडत होते. मीही रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

मग त्यांनी साहेबांना मागच्या सीटवर बसवलं आणि आवारात एक फेरी मारून आणली. छताला डोकं न लागता बसून आलेला साडेसहा फुटांचा तो माणूस उतरला, वळून छताकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “दादा, हाऊ डिड दे डू दॅट?” क्यूट हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही. नंतर मला फेरी मिळाली. उजवीकडे स्टिअरिंग हातात आल्याबरोबर मी बिनदिक्कत आवारातल्या रस्त्याच्या डाव्या बाजूने निघाले, आणि समोरून आलेल्या फोर्कलिफ्टवाल्याने हॉर्न वाजवून मला अमेरिकेत परत आणलं.

त्या उन्हाळ्यात मंदीची झळ आमच्यापर्यंत पोचली आणि शेड बंद झाली. दादा मेव्हण्याकडे टेक्ससला गेले. सुरुवातीला फोन व्हायचे, मग नंबर बदलले आणि ते राहूनच गेले. आज ते कुठे आहेत मला माहीत नाही. पण आठवतात ते नेहमी ट्रकच्या दिवसाचे.

सकाळीच ट्रक आला. ड्रायव्हरने गाडी ओढायला साखळी सोडली. दादांनी हातानेच त्याला थांबवलं, आत बसले, गाडी सुरू केली आणि फळीवरून स्वतः वर चढवली. हँडब्रेक लावला, काचा वर केल्या आणि खाली उतरले.

ड्रायव्हरने फॉर्म पुढे केला. गाडीच्या स्थितीसमोर आधीच छापलेलं होतं: ‘बंद’. दादांनी त्यावर बोट ठेवलं.

“नो,” ते म्हणाले.

“दुपारी चिरडणारच आहेत हिला,” ड्रायव्हर म्हणाला. “काय फरक पडतो?”

दादा पेन हातात धरून नुसते उभे राहिले. ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वर चढलेल्या गाडीकडे. मग दादांच्या हातातलं पेन घेतलं, छापलेला शब्द खोडला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘चालू’.

दादांनी ते नीट वाचलं, आणि मगच सही केली.