दीड छत्रीचा छज्जा

माझ्या साडूंना सुतारकाम येतं, ही गोष्ट मी त्यांना अजून माफ केलेली नाही.

आम्ही भोरात राहतो, साडू उत्रोलीत. माणूस भातशेतीवाला. पण गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीवर स्वतःच्या हातानं लाकडी छज्जा बसवला आणि आमच्या घरातली शांतता गेली. आमच्या खिडकीतून झड आत आली की आमची शालन ओटा पुसता पुसता सुरू करायची, "अक्काच्या घरात थेंब येत न्हाई! दाजींनी काय देखणा छज्जा केलाय बाई!"

लग्नाला बावीस वर्षं झाली. 'देखणा' हा शब्द तिनं माझ्या कुठल्याही गोष्टीबद्दल काढलेला नाही. (मी तर सोडाच!) माझा नुसता जळफळाट झाला. ठरवलं, तिच्या तोंडून हा शब्द आपण वदवून घ्यायचाच!

उत्रोलीला गेलो तेव्हा छत्री वाळत घालायचं सोंग करून मी दाजींचा छज्जा छत्रीनंच मोजला. बरोब्बर एक छत्री भरला. म्हटलं, आपला दीड छत्री! त्यांच्या छज्ज्याला बाजू नव्हत्या. मी दोन्हीकडून फळ्या ठोकल्या. समोरून तरी झड का यावी? म्हणून पुढनंही एक रुंद फळी खाली सोडली.

"अहो, उजेड कुठनं येणार?" शालन म्हणाली.

"दाजींना विचारलं होतंस का असलं काही?"

आखाडातल्या रविवारी अक्का आणि दाजी आमच्याकडे मटणाला यायचे होते. शनिवारी दुपारी मी शेवटचा खिळा ठोकला. रविवारी बाहेर धो धो पाऊस आणि आत एक थेंब नाही! उजेडही नाही. त्यात लाईट गेली.

"मीठ कुठाय?"

"तुझ्या हाताशी."

"ही हळद हाय!"

मी मोबाईलची बॅटरी धरून उभा राहिलो. शालननं कढईत मिरची टाकली. धूर उठला, खिडकीकडे गेला, माझ्या तिन्ही फळ्यांना धडकला आणि सगळाच्या सगळा परत आला. असा ठसका लागला म्हणून सांगू! दोघांच्याही डोळ्यांना धारा. निदान एक फळी तरी उचकटावी म्हणून मी हातोडी उचलली, तेवढ्यात कडी वाजली.

दार उघडलं. माझ्या हातात हातोडी, मागे शालन डोळ्यांना पदर लावून हुंदके देतेय.

"अगं बया!" अक्का किंचाळली. "पाव्हणं, हातोडीनं मारता व्हय माज्या बहिणीला?"

"नाही ओ... ख्यॉक... छज्जा..."

"आन् वर सोताच रडताय!"

शेजारच्या काकू भर पावसात अंगणात आल्या. दाजी मात्र शांतपणे आत गेले, खोकत बाहेर आले, मागच्या बाजूनं एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "पाव्हणं, खिडकीवर कपाट कशापायी टांगलंय?"

मी हातोडी पाठीमागे लपवली.

"करवत हाय का?"

दाजी स्टुलावर चढले. बाजूच्या फळ्या उतरवल्या, पुढची काढली, छज्जा अर्धी छत्री कापला. वीस मिनिटांत काम फत्ते! तोवर मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. (तीच!)

धूर गेला, उजेड आला, थेंब मात्र आला नाही. शालननं खिडकीतून मान वर केली, डोळे पुसले आणि बावीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते बोलली, "बाई गं! काय देखणा छज्जा झालाय!"

मी लाजून खाली बघितलं. वर बघतो तर ती दाजींकडे बघत होती.

आता घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "छज्जा कुणी केला हो?" शालन अभिमानानं सांगते, "आमच्या दाजींनी!" मी तिथंच जेवत असतो, कापलेल्या अर्ध्या छत्रीच्या फळीचा पाट केलाय, त्यावर बसून.

(पाटही दाजींनीच केला. देखणा आहे!)