जाणाऱ्याचा हिस्सा

माझा धाकटा भाऊ बी.कॉम.ला अकाउंट्समध्ये दोनदा आपटला आणि दोन्ही वेळा एकाच गणितानं त्याला गाळात घातलं. भागीदार निवृत्त होतो, त्याचा हिशोब करायचा. हा पठ्ठ्या त्याचं भांडवल परत करायचा आणि गुडविल, म्हणजे धंद्यानं कमावलेल्या नावाची किंमत, साफ विसरायचा.

मी हाच पेपर पहिल्या झटक्यात काढलेला. म्हणून जळोचीला सासरी असूनही रविवारी स्कूटी काढून पिंपळीला माहेरी जायची, त्याला शिकवायला.

"जाणाऱ्याला गुडविल कशाला?" तो म्हणायचा. "त्यो तर चाललाच की!"

"अरे शहाण्या, आपला पेरू व्यापारी क्रेट न उघडता का नेतो? खाली बारका माल दडवलेला नसतो म्हणून. ते नाव कुणी कमावलं?"

मी कमावलं. कॉलेज सांभाळून झाडावरच्या एकेका फळाला, कीड लागू नये म्हणून, पिशवी मी बांधली, माल मी निवडला. लग्नानंतरही बहार आला की जात होते. तो मान डोलवायचा आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच. डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

आबा, आमचे वडील, गेले. वर्ष भरायच्या आत भावानं हक्कसोडपत्र तयार करून आणलं. बागेतला माझा हिस्सा मी काही न घेता सोडते, असा कागद. आई म्हणाली, "सगळ्याच लेकी करत्यात. माहेर टिकवायचं आसंल तर जा." मी भांडले नाही. भांडायला हवं होतं, याची चीड आजही जात नाही.

बारामतीला नोंदणीसाठी गेलो तर सर्व्हर बंद. दोन तास बाकावर बसून. सोमवारी भावाचा पेपर, पुस्तक बरोबरच होतं.

"ताई, तवर एखादं गणित घाल की."

मी तेच घातलं. तीन भागीदार, सारखा हिस्सा, एक निवृत्त. शिवाय गुडविलचा आकडा दिलाच नाही, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावरून काढायला लावला. मनात म्हटलं, आज याला हे जमलं, तर मी तोंड उघडणार.

त्यानं एका झेरॉक्सच्या पाठीवर गणित मांडलं. सरासरी काढली, गुडविल काढलं, त्यातला तिसरा हिस्सा जाणाऱ्याला दिला आणि उरलेल्या दोघांच्या खात्यातून निम्मा निम्मा वळता केला. एक चूक नाही!

"जमलं की गं, ताई!" लहानपणी हसायचा तसाच हसला.

"मग आपल्या बागेच्या गुडविलचं काय?" मी विचारलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "आगं, ते पेपरापुरतं आसतंय. तितं आन् हितं एक हाय व्हय?"

तेवढ्यात सर्व्हर सुरू झाला आणि आमचा नंबर पुकारला. माझा अंगठा काही मशीनवर उमटेना, पिशव्या बांधून बांधून रेषा झिजलेल्या. भावानं खिशातला रुमाल काढला, माझा अंगठा नीट पुसला आणि स्वतःच्या हातानं मशीनवर दाबून धरला.