गॉबनिटने मांजरीला दिलेलं नाव

गॉबनिटने मांजरीला काय नाव दिलं हे कळलं तेव्हा मी दुकानात लोणी तोलत होते. आमच्या दरीत दुकान एकच, माझं. फोनही एकच, माझ्याच गल्ल्यामागे. त्यामुळे कुणाची गाय व्याली इथपासून कुणाचं लग्न मोडलं इथपर्यंत सगळं आधी माझ्या कानावर येतं. पण असलं काही मी बापजन्मात ऐकलं नव्हतं.

गॉबनिट म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी ऐका. ऐन उमेदीत नवरा गेला, पदरात एक मुलगा, डोनखा, आणि गोठ्यात चार गाई. तेवढ्यावर तिने संसार रेटला. कुणाच्या दारात चिमूटभर मीठ मागायला गेली नाही. फादरनी प्रवचन लांबवलं तर भर चर्चमधून उठून धारा काढायला घरी. तोंडाने फटकळ, पण खोटं बोलायची नाही.

डोनखाने कॉर्कला नोकरी धरली आणि शहरातलीच बायको केली, मोरीन. पोर वाईट नाही. पण आमच्याकडे रीत अशी की पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, दुसरीला बापाच्या आईचं. त्यात विचारायचं काय? पहिली झाली, मोरीनच्या आईचं नाव लागलं, ठीक. दुसरी झाली तेव्हा गॉबनिट नवी टोपी घालून बाप्तिस्म्याला गेली, आणि त्यांनी पोरीचं नाव ठेवलं शेरॉन. टीव्हीवरून उचललेलं. परत आली ती टोपी खुंटीला अडकवून थेट धारा काढायला बसली.

त्याच सुमारास तिच्या गोठ्यात एक करडी मांजर येऊन राहिली. एरवी आम्ही मांजरीला मांजरच म्हणतो. पण गॉबनिट म्हणे, हिला नाव हवं, तेही आपलं, जुनं, शहरात सापडणार नाही असं. माझ्या बाकड्यावर बसून तिने नावं चाळायला घेतली.

मी म्हटलं, "ग्रानिया ठेव."

"जुन्या कथेतली ती? ऐन लग्नाच्या जेवणातून दुसऱ्याबरोबर पळाली. माझ्या घरात नको."

"मग नीव?"

"गोड आहे गं. पण फार नाजूक. उंदीर हसतील."

"मग तूच सांग बाई."

"माझं ठरलंय. गॉबनिट."

माझा हात तराजूवर तसाच राहिला. "अगं, स्वतःचं नाव? मांजरीला? आणि संताचं नाव आहे ते."

"त्या संतबाईने मधमाश्या पाळल्या, तिला मांजरीचा काय विटाळ? आणि नातींना नको झालं म्हणून मी ते नाव सोबत पुरून घेऊ की काय? मी गेल्यावर त्या नावाने कुणाला तरी हाक मारली जायला हवी."

आणि खरंच, रोज संध्याकाळी ही बाई दारात उभी राहून खड्या आवाजात स्वतःच्याच नावाने हाका मारू लागली. दरी हबकली. फादर एक शब्द बोलायला गेले आणि चार ऐकून आले. शाळेतली पोरं रस्त्यात तिला बघून म्याँव करायची. तिला त्याचं काही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात डोनखा आणि मोरीन आले. मोरीनला दिवस गेलेले. मी पाव द्यायला गेले होते, म्हणून मला चहाला बसवून घेतलं. मोरीन म्हणाली, "आई, शेरॉनच्या वेळी आमचं चुकलं. आता मुलगी झाली तर तुमचंच नाव. ते सांगायलाच आलोय."

गॉबनिटने कप खाली ठेवला. तेवढ्यात थोरली नात मांजर काखेत मारून आत आली. "आजी, रस्त्यावरची मुलं हिला गॉबनिट का म्हणतात?"

मोरीनचा चेहरा पांढरा पडला. "माझ्यावरच्या रागाने केलंत हे?"

गॉबनिटने नातीच्या काखेतून मांजर काढून दाराबाहेर सोडली.

"पोर सुट्टीला इथे आली की गावभरची मुलं तिला म्याँव करतील," मोरीन म्हणाली. "कसं ठेवू मी आता?"

"मांजरीचं काढून घेते मी."

"नाव म्हणजे काय पट्टा आहे, आई?"

ते गेले. दुसऱ्या दिवशी गॉबनिट दुकानात आली. "नेल, चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"घरोघरी."

गेलो आम्ही. प्रत्येक दारात ती एकच सांगायची, "माझ्या मांजरीचं नाव आता नीव. जुनं विसरा. माझ्यासाठी एवढं करा." गॉबनिटच्या तोंडून 'माझ्यासाठी' ऐकून माणसं हातातलं काम विसरायची. टेकडीवरचा म्हातारा हीली तेवढा खवचट निघाला. "मांजरीचं दुसरं बारसं? जेवण कधी घालतेस?" एरवी तिने त्याला सोलला असता. त्या दिवशी मान खाली घालून म्हणाली, "तेवढं लक्षात ठेव, बाबा."

दरीने शब्द पाळला. पोरांना घरोघरी दटावलं गेलं. पानगळ सुरू झाली तोवर सगळ्यांच्या तोंडी नीव बसलं, मांजरसुद्धा त्या नावाला येऊ लागली. मोरीनला मात्र तिने काही कळवलं नाही. "येतील तेव्हा आपसूक ऐकतील," म्हणायची.

मग कॉर्कहून फोन आला. मी तिला बोलावून घेतलं. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ती बोलत होती. "मुलगी? दोघी बऱ्या आहेत ना? आणि नाव?" मग पलीकडून डोनखा बोलत राहिला. शेवटी म्हणाली, "छान आहे रे. मोरीनला सांग, मला फार आवडलं."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय ठेवलं?"

"मोरीन म्हणते, तुमचं नाही जमलं, निदान तुमच्याकडचं जुनं नाव तरी असू दे. नीव ठेवलं."

"म्हणजे मांजरीचं?" मी म्हटलं. ती गल्ल्याला धरून उभी होती.

"नेल, त्या दिवशी आपलं एकही घर राहिलं नव्हतं ना?"

"नाही गं."

"मग कोट घाल," ती म्हणाली. "मांजर गॉबनिटच आहे, म्हणून सांगून येऊ."