दाजींच्या डोळ्यातला डाग

चंद्र आड आला की सूर्याची उरलेली कोर निवते, असं तुम्हालाही वाटतं का? माझ्या दाजींना वाटलं. वीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस!

मी गल्लीभर ग्रहणाचे चष्मे वाटत होतो. दाजी म्हणाले, "मेहुण्या, तुझा कागदी चष्मा पोरांना दे. मी रोज आगीशी खेळतो!" आणि कामाचीच काच धरून कोर बघत बसले. ती काच दहा नंबरची. सूर्याला चौदाची, कितीतरी जास्त गडद लागते. दुखलं काहीच नाही, डोळ्याचा पडदा मात्र भाजला. आता लोखंडाचा सांधा बघावा तर नेमका तिथेच काळा डाग. वेल्डिंगचं काम सुटलं.

ताई विचारते, "अख्ख्या गल्लीला शिकवलंस, घरातला एक आवरला नाही?"

तुमच्याही घरात असा शहाणा असेलच. पुढच्या ग्रहणाला आधी त्याच्या नाकावर चष्मा चढवा.