डाव्या हाताचा घास

आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. वडील मंडीदीपच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे नर्सिंगला सिद्धांतांचा विषय आला, तेव्हा त्यांच्याकडेही मी पत्रकांसारखंच पाहिलं : कोण बरोबर, कोण चूक.

एक सिद्धांत म्हणे, अंगात बळ असतं तर रुग्णानं स्वतः जे केलं असतं, ते परिचारिकेनं त्याच्यासाठी करावं. दुसरा म्हणे, जमेल ते त्यालाच करू द्या, कमी पडेल तेवढंच भरा. मी दुसऱ्यावर भाळले. त्यात मला स्वाभिमान दिसला. शिवाय आमच्या वॉर्डात अंग पुसणं, भरवणं, शौचाचं भांडं देणं, सगळं नातेवाइकांच्या गळ्यात. अख्खा वॉर्ड एका सिस्टरवर टाकायचा आणि बायकांना फुकट राबवायचं, असं मी वर्गात म्हणाले.

"भाषण झालं असेल तर केस घे," मॅडम म्हणाल्या. "एकाच रुग्णावर तीन-तीन दिवस दोन्ही लावून बघ आणि तुलना लिही."

मला मिळाले ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मूळचे ग्वाल्हेरचे आजोबा. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, बोलणं जड. गिळता येत होतं. आजी रोज अकराच्या सुमारास मऊ खिचडीचा डबा आणायच्या. पहिला घास स्वतः खायच्या, मीठ बघायला. मग त्यांना भरवायच्या.

"कालची बरी होती," आजोबा म्हणायचे.

"काल तुम्ही परवाची बरी म्हणालात."

पहिल्या तीन दिवसांच्या रकान्यात मी लिहिलं : 'परिचारिकेने भरवले.' भरवत आजी होत्या. मी शेजारी उभी राहून नोंद करत होते.

चौथ्या दिवशी मी जाड दांड्याचा चमचा आणला. "आजी, आता त्यांचं त्यांना खाऊ द्या."

"अगं बेटा, सांडतात ते."

"सांडू द्या. तुम्ही समोर असलात की ते तोंड उघडून तुमच्याकडेच बघतात. तुम्ही बाहेर बाकावर बसा."

"ठीक है. तू शिकलेली," असं म्हणून त्या उठल्या. डब्याचं झाकण त्यांच्या हातातच राहिलं.

आजोबा डाव्या हातानं खाऊ लागले. निम्मं छातीवर सांडायचं, पण रोज दोन घास जास्त जायचे. सहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "ती कुठाय?"

"बाहेर आहेत. आधी संपवा."

"मग मीठ कोण बघणार?"

मी हसले आणि लिहिलं : 'रुग्ण स्वावलंबी होत आहे. विनोद करतो.'

सातव्या दिवशी सकाळी त्यांना दुसरा झटका आला. अकराच्या आत सगळं संपलं. आजींना फोन लावला होता, तो बसच्या गोंगाटात त्यांना ऐकू गेला नसावा. त्या आल्या आणि सवयीनं थेट बाकावर बसल्या. डबा माझ्यापुढे केला. "घे, गरम आहे अजून."

"आत या, आजी."

"आज चालेल मी आलेली?" पदर सारखा करत त्या लगबगीनं उठल्या. पलंगापाशी पोहोचेपर्यंत मी नुसती त्यांच्या मागून चालले. सांगितलं ते सिस्टरनी.

बऱ्याच वेळानं आजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तीन दिवस झाले. माझ्या हातचा घास गेला नाही त्यांच्या पोटात." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

झटक्याचा चमच्याशी संबंध नाही, डॉक्टरांनी सांगितलं. ते खरंच असेल. नातेवाइकांना फुकट राबवू नये, हे मला आजही पटतं. पण आजी राबत होत्या तेव्हा त्यांचं काम मी माझ्या नावावर लिहिलं, आणि त्यांना बाहेर बसवलं तेही मीच. दोन्ही सिद्धांतांत रुग्ण होता, परिचारिका होती. तिसऱ्या माणसासाठी मी आखलेल्या तक्त्यात रकानाच नव्हता.

फाइल देण्याआधी मी पहिल्या तीन दिवसांचं 'परिचारिकेने' खोडून वर 'पत्नीने' लिहिलं. मॅडमनी फाइल परत दिली, तेव्हा शेवटी 'तुलना चांगली' असा शेरा होता. त्या खोडलेल्या ओळींशेजारी लाल शाईत लिहिलं होतं : 'खाडाखोड नको.'